स्वतःविषयी चार ओळी



गेल्या महिन्यात रविवारची मिस्सा संपल्यावर आपल्या शेगावचीच एक मुलगी हातात कागद घेऊन थांबली होती. जीएनएमचा नर्सिंगचा अभ्यासक्रम तिने पूर्ण केला आहे आणि पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात अर्ज करायचा होता. अर्ज ऑनलाइन. नाव, पत्ता, गुण, सगळे भरून झाले होते. शेवटी एक मोकळा चौकोन होता : स्वतःविषयी तीनशे शब्दांत लिहा. "फादर, एवढं वाचून द्या," ती म्हणाली.

मी वाचले. इंग्रजी चांगले होते, माझ्यापेक्षाही बरे. आपण कष्टाळू आहोत, शिस्तप्रिय आहोत, सर्वांशी मिळूनमिसळून काम करतो, आव्हाने आपल्याला आवडतात, रुग्णसेवा हे आपले लहानपणापासूनचे स्वप्न आहे, असे सर्व त्यात होते. या मुलीला मी चार वर्षे ओळखतो, पण त्या तीनशे शब्दांत ती मला कुठे भेटली नाही. विचारले तेव्हा तिने सांगितले की मैत्रिणीने मोबाइलवरून काढून दिले. हल्ली मोबाइलला सांगितले की तो क्षणभरात लिहून देतो. पूर्वी खामगावच्या इंटरनेट कॅफेतून मिळायचे. साधन बदलले आहे, मजकूर फारसा बदललेला नाही.

अर्जात आणखी एक ओळ होती. बारावी आणि नर्सिंगचा प्रवेश यांच्यामध्ये दीड वर्ष मोकळे दिसत होते, त्यापुढे तिने 'घरगुती कारणामुळे' एवढेच लिहिले होते. एका ओळखीच्या माणसाने तिला सांगितले होते की ही रिकामी जागा चांगली दिसत नाही, एखाद्या दवाखान्याचे अनुभवाचे प्रमाणपत्र आणून देतो, थोडे पैसे लागतील, सगळेच करतात. ती त्यासाठी आली नव्हती, पण बोलता बोलता तेही निघाले.

मी विचारले, "बाळ, त्या दीड वर्षात तू काय करत होतीस?"

"काही नाही फादर. आजीला लकवा झाला होता. तिचंच करत होती."

मग हळूहळू कळले. आजीची उजवी बाजू गेली होती. आई-वडील मजुरीला जात. ही सतरा-अठरा वर्षांची मुलगी आजीला दर दोन तासांनी कुशीवर वळवत असे, रात्रीसुद्धा, घड्याळाचा गजर लावून. चौदा महिन्यांत आजीच्या पाठीला एकही जखम झाली नाही. गिळताना ठसका लागू नये म्हणून पेज किती घट्ट करायची, हे तिने आधी स्वतःच शोधून काढले होते. पुढे कॉलेजात बेडसोअरचा धडा आला तेव्हा तिला नवीन काही वाटले नाही.

"हे तू का लिहिलं नाहीस?"

"ते लिहा लागते काय, फादर? घरचंच त काम हाये ते."

तिचे हे उत्तर अजून माझ्या मनातून गेलेले नाही. जे तिच्यात होते की नाही कोणास ठाऊक, ते सारे तिने लिहिले होते. जे नक्की होते ते लिहायची तिला लाज वाटली.

ही लाज वाईट नाही. आपल्या घराघरांत तीच शिकवली जाते. स्वतःची टिमकी वाजवू नये, हे आपण आईच्या मांडीवर ऐकले. समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगितली, त्यांत आत्मस्तुती करणाऱ्यालाही जागा दिली. आपल्या गावात तर रोजचे उदाहरण समोर आहे. गजानन महाराज संस्थानात पांढऱ्या कपड्यांतले सेवेकरी आलेल्या प्रत्येकाला 'माऊली' म्हणून वाट दाखवतात, पादत्राणे सांभाळतात, झाडलोट करतात, एक पैसा घेत नाहीत आणि आपण काय करतो हे कोणाला सांगत बसत नाहीत. अशा गावात वाढलेल्या मुलीला 'मी, मी' असे तीनशे शब्द लिहिणे जड जाणारच.

कोणी म्हणेल, काम बोलते, माणसाने बोलायची गरज काय? शेगावच्या कचोरीला कुठे अर्ज लिहावा लागतो? गाडी स्टेशनात थांबली की लोक स्वतःच उतरतात. खरे आहे. पण कचोरी गाडी थांबलेल्या दोन मिनिटांत चाखून होते. माणूस तसा चाखता येत नाही. पुण्यात बसलेल्या, तुम्हाला कधीही न पाहिलेल्या माणसाला शब्दांवरच विसंबावे लागते. म्हणून प्रश्न उरतोच : स्वतःविषयी चांगले लिहिणे हा गर्व आहे का?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र होते. त्याच्या चौथ्या भागात एक छोटे प्रकरण आहे, परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे म्हणून आम्ही ते भरभर उलटत असू. स्वतःविषयी बोलण्याच्या बाबतीत ॲरिस्टॉटल तीन माणसे दाखवतो. एक बढाईखोर, नसलेले सांगणारा. दुसरा, असलेले नाकारणारा किंवा लहान करून सांगणारा. आणि या दोघांच्या मध्ये सत्यवादी, जेवढे आहे तेवढेच सांगणारा. म्हणजे बढाईचे उलट टोक नम्रता नव्हे. ते दुसरे असत्य आहे, आणि सद्गुण सत्य हा आहे.

संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेला आणि त्यात एक बारीक फरक केला, तो मला फार उपयोगी वाटतो. आपल्याकडे असलेल्या चांगल्या गोष्टीविषयी गप्प राहणे हे खोटे नव्हे. पण असलेली गोष्ट नाही म्हणणे, किंवा आपल्यात नसलेली क्षुद्रता आपल्याला चिकटवणे, हे सत्याविरुद्ध आहे. ते नम्रतेच्या नावाखाली केले तरी दोषच. आता आपल्या मुलीचे पाहा. घरी, शेजारी, चर्चमध्ये ती आजीविषयी गप्प राहिली तर ते शोभून दिसते. पण 'त्या दीड वर्षात काय केले' असे थेट विचारल्यावर 'काही नाही' म्हणणे हे गप्प राहणे नाही. ते उत्तर आहे आणि चुकीचे उत्तर आहे. ती मला हेच म्हणाली होती आणि मीही क्षणभर ते खरे मानले होते.

ॲरिस्टॉटलने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. मानासाठी बढाई मारणाऱ्यापेक्षा पैशासाठी बढाई मारणाऱ्याला तो अधिक दोष देतो. आणि असा माणूस कोणती बढाई मारतो? जिचा लोकांना उपयोग आहे आणि जी चटकन पकडली जात नाही अशी. उदाहरण म्हणून तो भविष्य सांगणारा आणि वैद्य यांची नावे घेतो. तेवीसशे वर्षांपूर्वीचे वाक्य आहे, पण ते विकतच्या अनुभव प्रमाणपत्राला नेमके लागू पडते. एक वर्षाचा अनुभव आहे असे खोटे लिहिलेली नर्स रात्रपाळीला एकटी ठेवली जाईल. पलंगावर झोपलेल्या माणसाने तिचा अर्ज वाचलेला नसतो. फसवले जाते रुग्णालयाला, भोगतो तो.

अर्ज म्हटले की दोनच माणसे आपल्या डोळ्यांपुढे येतात : लिहिणारा आणि वाचणारा. त्यामुळे सगळा विचार 'मी कसा दिसेन' आणि 'त्याला काय आवडेल' एवढ्यातच फिरतो. पण प्रत्येक नोकरीच्या अर्जात एक तिसरा माणूस असतो, ज्याच्यासाठी ते काम आहे. नर्सला रुग्ण, शिक्षकाला मूल, बँकेत पासबुक घेऊन उभी असलेली विधवा, पुलावरून जाणारा प्रवासी. मंदिरात प्रार्थना करणाऱ्या परूशाची गोष्ट आपण शुभवर्तमानात ऐकतो. तो खोटे बोलत नव्हता, हे आपल्या लक्षात येत नाही. आठवड्यातून दोनदा उपवास करतो म्हणाला, करत असणारच. उत्पन्नाचा दशांश देतो म्हणाला, देत असणार. त्याच्या प्रार्थनेत तिसरा माणूस होता, पण तो फक्त तुच्छ लेखण्यासाठी : मागे उभा असलेला जकातदार.

इथे मला स्वतःचेही सांगितले पाहिजे. गुरुदीक्षेपूर्वी प्रत्येक उमेदवाराला बिशपांना एक पत्र द्यावे लागते. ते स्वतःच्या हाताने लिहिलेले आणि सही केलेले असावे, दीक्षा मी स्वेच्छेने आणि मोकळ्या मनाने मागतो आहे असे त्यात असावे, असा धर्मसभेचा कायदाच आहे. आयुष्यात याहून महत्त्वाचे पत्र मी लिहिणार नव्हतो. आणि मी काय केले? आदल्या वर्षीच्या एका मित्राचे पत्र मिळवले आणि सुंदर अक्षरात उतरवून काढले. रेक्टरांनी वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, "छान आहे. गेल्या वर्षीही छानच होते." पत्र परत दिले. दुसरे पत्र लिहायला मला नऊ दिवस लागले. ते अर्ध्या पानाचे झाले आणि त्यातले मराठीही धड नव्हते. पहिल्या पत्रात एकही वाक्य खोटे नव्हते, पण त्यातले एकही माझे नव्हते. हाताने लिहिण्याची अट का घातली असेल, हे त्या नऊ दिवसांत थोडेसे समजले.

तेव्हा मोबाइलवरून मजकूर काढणाऱ्या मुलीला रागावण्याचा मला अधिकार नाही. शिवाय 'मी यांना अनेक वर्षे जवळून ओळखतो' असे चारित्र्याच्या दाखल्यावर लिहून मी सही करतो, तेव्हा त्यातल्या कितीजणांना मी खरोखर जवळून ओळखतो, हेही तपासायला हवे.

आता वाचणाऱ्याविषयी. त्याला काय हवे ते ओळखून लिहू नये का? जरूर लिहावे. लिओनार्दो दा विंचीने १४८२ च्या सुमारास मिलानच्या लुडोविको स्फोर्झाकडे केलेला अर्ज प्रसिद्ध आहे. त्यात हलके पूल, तोफा, झाकलेले युद्धरथ, वेढा कसा घालावा अशी कलमामागून कलमे आहेत आणि आपण चित्रही काढतो हे अगदी शेवटी आले आहे. मिलानला युद्धाची चिंता होती, ती त्याने ओळखली. यात मला वावगे दिसत नाही. आपल्याकडच्या दहा गोष्टींपैकी समोरच्याला उपयोगी पडणारी आधी ठेवणे म्हणजे सौजन्य. अडचण येते ती वाचणाऱ्याला आपल्याकडे नसलेलेच हवे असते तेव्हा, किंवा आपल्याकडे असलेले त्याला नको असते तेव्हा.

या ठिकाणी मला आनंदीबाई जोशींची आठवण होते. १८६५ साली जन्मलेल्या, नवव्या वर्षी लग्न झालेल्या, चौदाव्या वर्षी आई झालेल्या आणि दहा दिवसांचे मूल गमावलेल्या आनंदीबाई आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहेत. पण त्यांच्या आयुष्यात अर्जांना किती मोठी जागा होती, हे आपण पाहत नाही.

पहिला अर्ज त्यांच्या पतीचा, गोपाळरावांचा. ते टपाल खात्यात होते. कोल्हापुरात असताना, १८७८ च्या सुमारास, त्यांनी रेव्हरंड वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. पत्नीला अमेरिकेत शिकवायचे आहे आणि मला तिथे काही काम मिळेल का, असा मजकूर होता. वाइल्डर यांनी ते पत्र आपल्या मासिकात छापले आणि सोबत उत्तरही दिले. त्याचा रोख असा की आधी ख्रिस्ताचा स्वीकार करा. आपल्यापैकी काहींना हे वाचून अवघडल्यासारखे वाटेल. मलाही वाटते. गरजवंताच्या अर्जावर श्रद्धेची अट घातली की श्रद्धा ही अर्जातली आणखी एक रिकामी जागा होते, काहीतरी भरून टाकण्याची. जोशी दांपत्याला ती एका शब्दाने भरता आली असती. असे शब्द भरणारे तेव्हाही होते, आजही असतात. त्यांनी ती भरली नाही.

पुढे १८८० मध्ये न्यू जर्सीच्या रोझेल गावातल्या श्रीमती कार्पेंटर दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना त्या मासिकाचा जुना अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला. त्याही ख्रिस्ती होत्या, पण त्यांनी काही अट घातली नाही आणि आपल्या घराचे दार उघडले.

निघण्यापूर्वी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात भाषण केले. लोक टोचून विचारत त्या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तर दिले : अमेरिकेतच का, एकटीच का, जातीने वाळीत टाकले तर काय. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. हे कॉलेज बाप्टिस्ट मिशनऱ्यांचे, विल्यम केरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८१८ मध्ये सुरू केलेले. याच केरींनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले होते. मिशनरी कॉलेजात उभे राहून, मिशनऱ्यांच्या देशात जाताना, अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरची मुलगी हे बोलते. एक धर्मगुरू म्हणून मला तिचा धर्म माझा असता तर आनंद झाला असता. पण खोट्या अर्जाने आलेल्या दहा माणसांपेक्षा तिच्या त्या वाक्याचा मला अधिक आदर वाटतो.

जून १८८३ मध्ये त्या अमेरिकेत पोचल्या आणि त्याच महिन्यात त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी पत्र लिहिले. कोणीही आपल्या मुलामुलींना वाचायला द्यावे असे ते पत्र आहे. आपली तयारी कॉलेजच्या अपेक्षेपेक्षा कमी पडू शकेल, हे त्या लपवत नाहीत. आपण जिद्दी आहोत असे नुसते विशेषणही लावत नाहीत. आप्त आणि जात यांचा एकवटलेला विरोध पत्करून ज्या निश्चयाने मला इथवर आणले, तोच मला पुढे नेईल, अशा अर्थाचे लिहितात. ही बढाई आहे का? घडलेली गोष्ट आहे. समुद्र ओलांडून आलेली बाई समोर उभी होती.

आणि पत्राचे कारण कोण? आपल्या देशातल्या त्या बायका, ज्या पुरुष डॉक्टरला हात लावू देण्यापेक्षा मरण पत्करतात. स्वतःसाठी काही मागत नाही असेही त्या लिहितात, आणि हे वाक्य त्यांच्याकडून आले म्हणून पोकळ वाटत नाही. त्यांच्या पत्रातला तिसरा माणूस इतका स्पष्ट उभा आहे की वाचणाऱ्याचे लक्ष लिहिणारीवरून उडून त्याच्याकडेच जाते. तरीही, किंवा त्यामुळेच, लिहिणारी कोण हे पक्के कळते.

प्रवेश मिळाला. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागावर त्यांची नेमणूकही झाली, पण क्षयाने खंगून २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. ज्या बायकांसाठी पत्र लिहिले त्यांच्यापर्यंत त्या पोचल्या नाहीत. उत्तम लिहिलेला खरा अर्जसुद्धा पुढच्या कशाची हमी देत नाही. तरुणांना हे सांगायला जड जाते, पण न सांगणे बरे नव्हे.

हे सगळे मी त्या मुलीला सांगितले नाही, एवढा वेळ नव्हता. एवढेच म्हणालो की 'घरगुती कारण' ही ओळ खोड आणि आजीचे लिही. दोन तास, गजर, पेज, चौदा महिने, जसे होते तसे. 'दयाळू' हा शब्द काढून टाक, वाचणारा स्वतः ठरवेल. प्रमाणपत्र घेऊ नकोस. पहिल्या वर्षी एक विषय राहिला होता तो कोणी विचारला नाही तर सांगण्याची सक्ती नाही, विचारला तर सरळ सांग.

ती थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिली आणि तिने मलाच अडवले. "फादर, आजीचं दुखणं माह्या नोकरीसाठी लिहायचं, हे बरोबर हाये काय?"

खरे सांगतो, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. तिसरा माणूस अर्जात यावा असे मी म्हणतो आहे, पण तो शिडी म्हणूनही येऊ शकतो. आनंदीबाईंचा तिसरा माणूस म्हणजे दूरच्या, निनावी असंख्य बायका. हिचा तिसरा माणूस तर घरात खाटेवर बसलेला. मी म्हणालो, "आजीलाच विचार."

पुढच्या रविवारी ती आली. आजी आता काठीने चालते, बोलणे थोडे अडखळते. आजीने सगळे ऐकून घेतले होते आणि म्हणाली होती, "लिही न माय. पण म्या तुले लय शिव्या देल्या, ते बी लिही."

तेही तिने लिहिले आहे. रुग्ण पुष्कळदा चिडलेली असे आणि आपणही दोनदा चिडून पेजेची वाटी आपटली, अशी ती ओळ आहे. ती इंग्रजीत नीट बसेना म्हणून आम्ही दोघांनी तीनदा खोडली आणि चौथ्यांदा तशीच राहू दिली.